विदर्भाला विचारले कोणी?

२०१४ हे वर्ष वाटण्यांचे होते, आणि त्या वाटण्या भिवंडीतून जितक्या जवळून दिसल्या तितक्या महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या गावातून दिसल्या असतील असे वाटत नाही. जूनच्या २ तारखेला तेलंगण राज्य अस्तित्वात आले, आणि वारंगळ, करीमनगर, नलगोंडा या मुलखांतून दोन-तीन पिढ्यांमागे येऊन पद्मानगर-कामतघरच्या परिसरात माग मांडून बसलेल्या पद्मशाली कुटुंबांचे मूळ गाव, जागचे न हलता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. १ ऑगस्टला आमच्याच ठाणे जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा जन्माला आला. भिवंडी ठाण्याकडे राहिली, शेजारचा वाडा तालुका पालघरकडे गेला, आणि ज्या रस्त्याने वाड्याची माणसे बाजारहाटासाठी व दवाखान्यासाठी भिवंडीकडे येत, त्याच रस्त्यावर जिल्ह्याची हद्द आली. १८ सप्टेंबरला सातासमुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या जनतेने, इंग्लंडशी तीनशे सात वर्षे चालत आलेला संयोग मोडावा की राखावा या प्रश्नावर मतदान केले आणि तो राखण्याच्या बाजूने कौल दिला. पहिली वाटणी संसदेच्या कायद्याने झाली, दुसरी सरकारी अधिसूचनेने झाली, आणि तिसरी, जी एकटीच लोकांना विचारून ठरावयाची होती, ती झालीच नाही.

या तिहींच्या पंक्तीला बसेल अशी चौथी वाटणी, म्हणजे विदर्भाची, गेली सत्तर वर्षे चर्चेत आहे. तिच्या बाजूने एका राष्ट्रीय आयोगाने शिफारस केली, तिच्या विरुद्ध पुढाऱ्यांनी करार केले, तिच्यासाठी मोर्चे निघाले, तिच्यावरून निवडणुका लढवल्या गेल्या आणि निवडणुका संपताच ती विसरलीही गेली. परंतु ज्यांची वाटणी व्हावयाची त्या विदर्भवासीयांना एकदा तरी सरळ प्रश्न विचारावा, असे या सत्तर वर्षांत कोणाही सत्ताधीशाच्या मनात आलेले दिसत नाही. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. विदर्भ महाराष्ट्रातच राहावा असे मला मनापासून वाटते, आणि तो राहावा की जावा हे विदर्भातील मतदारांनी ठरवावे असेही तितक्याच मनापासून वाटते. ही दोन मते एकाच डोक्यात नांदू शकत नाहीत असा ज्यांचा समज असेल त्यांच्यासाठी पुढील विवेचन आहे.

या विषयावर बोलताना एकत्र कुटुंबाची उपमा हटकून पुढे येते. थोरल्या भावाने धाकट्याचा हिस्सा खाल्ला, असे एक पक्ष म्हणतो. धाकट्याला बायकोने फितवले, असे दुसरा पक्ष म्हणतो. आणि दोघांच्याही मनात एकच चित्र असते, की घर मुळात एक होते आणि आता ते फुटते आहे. विदर्भाच्या बाबतीत हे चित्रच खोटे आहे. पुण्याच्या पेशव्यांचे आणि नागपूरच्या भोसल्यांचे राज्य कधीही एका दफ्तरातून चालले नव्हते. वऱ्हाड निजामाच्या सत्तेखाली होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि १९०२ साली कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने घेऊन पुढल्याच वर्षी मध्यप्रांताला जोडले. त्याच १८५३ सालच्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे मुंबई इलाख्यातील मराठी माणूस आणि वऱ्हाड-नागपूरकडील मराठी माणूस हे शंभर वर्षे निराळ्या कचेऱ्यांत अर्ज करीत होते, निराळ्या महसूल पद्धतीखाली शेतसारा भरत होते आणि निराळ्या विधिमंडळांत आपले प्रतिनिधी पाठवीत होते. १९५६ आणि १९६० साली जे घडले ते फुटलेल्या घराचे पुनर्मीलन नव्हते. तो दोन स्वतंत्र बिऱ्हाडांनी अटी घालून केलेला नवा संसार होता. अटी घातल्या होत्या, ही गोष्ट महत्त्वाची.

जाता जाता एक योगायोग नोंदवतो. नागपूर खालसा करणारा डलहौसी स्कॉटिश सरदार घराण्यातला होता. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेची व्यवस्था लावणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम स्कॉटिश, आणि नागपुरात शाळा काढून ज्याचे नाव आजही तेथील महाविद्यालयाला आहे तो स्टीफन हिस्लॉप हाही स्कॉटिश. स्वतःचे पार्लमेंट १७०७ साली गमावलेल्या या लहानशा देशाने आपल्या मुलखाच्या राज्यांची मोडणी व मांडणी करण्यात केवढा हात घातला होता, हे ध्यानात आले म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्याचा वाद भिवंडीत बसूनही परका वाटत नाही.

त्या वादातील दोन्ही पक्षांना आपापली बाजू होती, आणि ती क्षुद्र नव्हती. स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे असे, की स्कॉटलंड ज्यांना मते देत नाही त्यांचे सरकार लंडनमध्ये वारंवार येते आणि स्कॉटलंडवर राज्य करते; थॅचरबाईंच्या काळात डोईपट्टीचा प्रयोग इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर झाला, अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ठेवला गेला, आणि उत्तर समुद्रातील तेलाचे उत्पन्न मात्र लंडनच्या खजिन्यात गेले. ऐक्यवाद्यांचा प्रतिप्रश्न असा, की स्वतंत्र झाल्यावर नाणे कोणते वापरणार, निवृत्तिवेतनाची हमी कोण देणार, तेलाचे भाव पडले तर पोट कशावर भरणार. आणि ज्या संयोगाने तीनशे वर्षे स्कॉटिश माणसाला जगभर उद्योगाची वाट मोकळी करून दिली, तो एका सरकारवरच्या रागापायी मोडणे शहाणपणाचे कसे? लंडन आणि एडिंबरो येथील सरकारांनी १५ ऑक्टोबर २०१२ रोजी करारपत्रावर सह्या केल्या, प्रश्न एका वाक्यात बांधला, सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत दिले, आणि जवळजवळ दोन वर्षे घरोघर, पबांमधून, शाळांमधून वाद झाला. शंभरांतील जवळजवळ ८५ मतदार मतदानाला आले. ५५.३ टक्के लोकांनी नको म्हटले, ४४.७ टक्क्यांनी हवे म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेही डोके फुटल्याशिवाय सरकारी कचेऱ्या उघडल्या.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या इंग्रजाला या मतदानात मत होते, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला नव्हते; हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. निर्णय रक्ताचा नव्हता, रहिवासाचा होता. आमच्याकडे 'विदर्भाचे' किंवा 'मराठी माणसाचे' मत म्हणताना नेमका हाच गोंधळ होतो. नागपुरात कैक पिढ्या राहिलेला हिंदी भाषिक व्यापारी, चंद्रपूरच्या खाणीतला तेलुगू कामगार आणि गडचिरोलीतील गोंड शेतकरी हे विदर्भाच्या भवितव्याचे मालक आहेत. नोकरीसाठी पुण्यास स्थायिक झालेला अमरावतीचा अभियंता, त्याचे विदर्भप्रेम कितीही उत्कट असो, या कामापुरता मालक नाही. पद्मानगरातील एक वयोवृद्ध मागवाले तेलंगणाविषयी बोलताना एकदा म्हणाले होते, "सर, तिकडचं राज्य झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण मत मागायला आमच्याकडे कोणी आलं असतं तर आम्ही काय सांगणार? आमची रेशनकार्डं इथली, लाइटबिल इथलं." पाठीमागे बारा माग एका लयीत आदळत होते, सुताची धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती, आणि बोलता बोलता त्यांचा हात तुटलेला ताण्याचा धागा चाचपून गाठ मारीत होता. मताधिकाराचे इतके स्वच्छ तत्त्व मी राज्यशास्त्राच्या पुस्तकांत क्वचित वाचले आहे.

आता विदर्भाच्या अटींकडे वळतो. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला. तो मांडण्यात पुढाकार घेणारे रामराव देशमुख होते. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची हाक देणारे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हेही नागपूरचेच, 'तरुण भारत'चे संपादक. म्हणजे विदर्भाचे मन पहिल्यापासून दुभंगलेले होते. 'विदर्भाची मागणी मूठभरांची' हे जितके अर्धसत्य तितकेच 'विदर्भ कधीच महाराष्ट्रात येऊ इच्छीत नव्हता' हेही अर्धसत्य. या दुभंगलेल्या मनाची समजूत घालण्यासाठी १९४७ च्या ऑगस्टमध्ये अकोल्यास करार झाला, आणि २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आणि तेच रामराव देशमुख यांच्या त्यावर सह्या आहेत. अकरा कलमांच्या या दस्तऐवजात निधीची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, नोकऱ्या व शिक्षणसंस्था यांत त्याच प्रमाणात प्रवेश मिळेल, उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरास राहील, सरकार दरवर्षी निश्चित काळ नागपुरास मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरेल, अशी वचने आहेत.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९५५ रोजी, फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने आपला अहवाल दिला आणि आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली; ते राज्य आर्थिक दृष्ट्या आपल्या पायांवर उभे राहील असे आयोगाचे मत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत याहून धीट विचार मांडला. एका राज्यात एकच भाषा असावी हे ठीक, परंतु एका भाषेचे एकच राज्य असावे असा त्याचा अर्थ होत नाही, असे सांगून त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या त्या तापलेल्या दिवसांत हा युक्तिवाद कोणाच्या कानी शिरला नाही, आणि तो न शिरणे स्वाभाविकही होते. मुंबईसाठी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांच्या तिरड्या उचलणाऱ्यांना चार राज्यांचे गणित सांगणे कठीणच. परंतु आज, त्या रक्ताचा पूर्ण आदर राखून, हे म्हणता आले पाहिजे की ते हुतात्मे मुंबईसह महाराष्ट्रासाठी लढले. विदर्भाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवण्यासाठी त्यांनी प्राण दिले, असे म्हणणे हा त्यांच्या बलिदानाचा विपर्यास आहे.

नागपूर करारातील वचनांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. राजधानीचा दर्जा जाऊन नागपूर उपराजधानी झाले. अधिवेशन भरते, पण 'निश्चित काळ' म्हणजे डिसेंबरातील मोजके दिवस, ज्यांत मंत्र्यांच्या मोटारी, मोर्चे आणि हुरडा यांतून जो वेळ उरतो त्यात विदर्भाचे प्रश्न चर्चेला येतात. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापण्याची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. अडतीस वर्षे एक कलम राज्यघटनेत छापून पडले होते. मधल्या काळात वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली असमतोलाचा हिशेब मांडला आणि एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपयांचा काढला, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून किंचित अधिक. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली तेव्हा त्याचा खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये धरला होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि एक पिढी म्हातारी झाली. आणि विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली तेव्हा ती वाढवण्याचे कोणाला सुचले नाही.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे, आणि वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते तो तसा वाचत नाहीत, ही माझी तक्रार आहे. दांडेकरांच्या त्याच ताळेबंदात उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेषही ३७ टक्क्यांच्या वर होता, कारण त्यात कोकण होते, ठाण्याचा आदिवासी भाग होता. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. ते गाव मंत्रालयापासून मोटारीने काही तासांच्या वाटेवर आहे. मेळघाटातील बालकाला मुंबई दूर म्हणून मृत्यू आला असेल, तर जव्हारच्या बालकाला मुंबई जवळ असून का आला? मारोतराव कन्नमवारांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत विदर्भाने अनेक मुख्यमंत्री दिले. पुसदचे वसंतराव नाईक तर १९६३ पासून १९७५ पर्यंत सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. सत्ता वैदर्भीय माणसाच्या हाती असूनही सिंचन वैदर्भीय शेतापर्यंत पोचले नाही, तर राजधानी नागपुरास आल्याने ते गडचिरोलीपर्यंत पोचेल याची हमी कोणती? झाडीपट्टीच्या माणसाला नागपूर मुंबईइतकेच परके वाटत असेल, आणि वऱ्हाडातील कापसाच्या शेतकऱ्याला नागपूरची राजधानी म्हणजे एका सुभ्याऐवजी दुसरा सुभा वाटत असेल. २००० साली झालेल्या तीन नव्या राज्यांत छत्तीसगडने धान्यखरेदीची घडी बसवून नाव मिळवले आणि त्याच महिन्यात जन्मलेल्या झारखंडात सरकारांची अस्थिरता वर्षानुवर्षे चालली. लहानपण हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे.

म्हणून विदर्भाने राहावे असे मला वाटते. परंतु माझ्या या वाटण्याला किती किंमत द्यावी? भिवंडीचा माग ज्या विजेवर धावतो तिचा काही भाग चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथील कोळशाच्या धुरातून येतो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ती राख चंद्रपूरच्या छपरांवर पडते आणि आमच्याकडे मागाला सवलतीचा दर पडतो. १९७२ पासून तीन दशके महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी चालली. तिच्यामुळे विदर्भातील शेतकऱ्याला काही वर्षे हमी मिळाली आणि काही वर्षे शेजारच्या राज्यात अधिक भाव असतानाही कापूस हद्दीबाहेर नेण्याची बंदी मिळाली. त्याच कापसाचे सूत होऊन ते सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीच्या मागांवर चढत असे. ज्याचा असा स्वार्थ गुंतला आहे त्याने, ऐक्य किती पवित्र आहे, यावर प्रवचन झोडणे शोभत नाही. त्याने फार तर आपली बाजू मांडावी आणि निकाल दुसऱ्यावर सोडावा.

यावर लगेच सांगितले जाते, की निकाल तर प्रत्येक निवडणुकीत लागतोच. लोकनायक बापूजी अणे १९६२ साली आणि जांबुवंतराव धोटे १९७१ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले, पण त्यानंतर वेगळ्या विदर्भाच्या नावावर उभे राहिलेल्यांना मतदारांनी उचलून धरले नाही; मग आणखी काय विचारायचे? या युक्तिवादाला माझ्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्राच्या सीमेवरच घडले आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. स्वतंत्र भारताच्या एखाद्या घटक प्रदेशाला, तुम्हाला शेजारच्या राज्यात विलीन व्हायचे आहे की नाही, असे सरळ विचारण्याचा तो एकमेव प्रसंग. संसदेने त्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा केला. विलीनीकरणासाठी फूल हे चिन्ह, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत मिळावे अशी मागणी झाली व ती नाकारली गेली. स्कॉटलंडमध्ये सत्तेचाळीस वर्षांनी जो रहिवासाचा नियम लागला तोच तेथे आधी लागला होता. विलीनीकरणाच्या बाजूने महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी सभा गाजवल्या, कोकणी-मराठीचा वाद पेटला, डॉ. जॅक सिक्वेरा आणि 'राष्ट्रमत' हे दैनिक यांनी दुसरी बाजू लढवली. निकाल लागला तेव्हा फुलाला १,३८,१७० मते होती आणि दोन पानांना १,७२,१९१. महाराष्ट्रातील अनेक घरांत त्या दिवशी सुतकी कळा पसरली.

आणि आता त्यापुढचा भाग. अवघ्या दोन महिन्यांनी गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या पक्षाचे जीवितकार्यच विलीनीकरण होते त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीस जागांपैकी सोळा मिळून बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. तेच मतदार, तोच हिवाळा. जानेवारीत त्यांनी बांदोडकरांच्या धोरणाला नाकारले आणि मार्चमध्ये बांदोडकरांना निवडले, कारण कुळांना जमीन, गावाला शाळा व बहुजन समाजाला मान मिळवून देणारा माणूस त्यांना हवा होता आणि विलीनीकरण नको होते. जानेवारीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला नसता तर मार्चच्या सोळा जागांवरून आपण सर्वांनी, मीही, असेच अनुमान काढले असते की गोवा महाराष्ट्रात येण्यास आतुर आहे. विदर्भातील निवडणुकांवरून आपण आज नेमके असेच अनुमान काढीत आहोत, फक्त उलट दिशेचे. आमदार निवडताना माणूस जात, पाणी, कर्जमाफी, उमेदवाराचा स्वभाव आणि पक्षाचे चिन्ह यांचे एक मिश्रण मतपेटीत टाकतो. त्यातून राज्याच्या घटनेविषयीचा एक धागा ओढून काढणे कोणाही पंडिताच्या आवाक्यातले नाही.

कौलाचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी, निकाल उलटा जाण्याची चिन्हे दिसताच, ब्रिटनच्या तिन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी स्कॉटलंडच्या संसदेला अधिक अधिकार देण्याचे वचन एका वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर सह्यांनिशी छापले. ते वचन स्कॉटलंडला पुरते पटले असे नव्हे, आणि ते पूर्णपणे पाळले गेले की नाही यावर तेथे आजही तंटा आहे. पण २०१६ साली, म्हणजे दीड वर्षात, त्याचा कायदा झाला. नागपूर करारातील वचनाला घटनेत शिरायला तीन वर्षे लागली आणि घटनेतून जमिनीवर उतरायला अडतीस. दोन्ही वचने सत्ताधाऱ्यांची, दोन्हीवर सह्या. फरक इतकाच की एक वचन, दोनच दिवसांनी मत देणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडावर दिले होते, आणि दुसरे एका दालनात बसलेल्या डझनभर पुढाऱ्यांनी एकमेकांना दिले होते. पुढाऱ्याने पुढाऱ्याला दिलेला शब्द मंत्रिपदाने फिटतो. मला विदर्भ राहायला हवा आहे तो याच कारणाने कौल मागून हवा आहे: कौल जाहीर झाल्याच्या दिवसापासून मुंबईला गोसीखुर्दच्या कालव्यांची जितकी काळजी वाटेल तितकी गेल्या तीस वर्षांत वाटली नसेल.

आक्षेप पुष्कळ आहेत. संपूर्ण महाराष्ट्राने मत द्यावे, असे म्हणणाऱ्यांनी आकडे मांडून पाहावेत. राज्यातील प्रत्येक पाच माणसांत विदर्भाचे एक, मग चौघांनी पाचव्याला जाऊ द्यावे की नाही हे ठरवण्याला कौल कशाला म्हणायचे? मराठवाडा उद्या हेच मागेल, ही भीती खोटी नव्हे. बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांना मराठवाड्याविषयी असे काही बोलल्यावरून २०१६ साली महाधिवक्तापदाचा राजीनामा द्यावा लागला होता. पण मागणी बोलून दाखवल्याने पद जाते आणि मागणी तशीच राहते, हा अनुभव काय शिकवतो? घटनेच्या तिसऱ्या कलमात कौलाची तरतूद नाही, हा आक्षेप सर्वांत गंभीर दिसतो. ते कलम संसदेला सर्वाधिकार देते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने तेलंगण विधेयक फेटाळले आणि फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले, लोकसभेत तर सभागृहात मिरपुडीचा फवारा उडाल्यानंतर. पण जे कलम विधानसभेचे न ऐकण्याची मुभा देते ते लोकांचे ऐकण्याची मनाई करीत नाही. गोव्यासाठी १९६६ साली जसा कायदा झाला तसा विदर्भासाठी करण्यास कोणतीही घटनादुरुस्ती लागत नाही.

स्कॉटलंडच्या अनुभवातून दोन इशारे मात्र घेतले पाहिजेत. १९७९ साली स्कॉटलंडला आपली विधानसभा हवी का असे विचारले तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के हो म्हणाले. पण एकूण नोंदलेल्या मतदारांच्या ४० टक्के होकार हवा, अशी पाचर आधीच मारून ठेवली होती, म्हणून तो होकार वाया गेला आणि अठरा वर्षे त्याची जखम चिघळली. पाचर मारायची असेल तर विचारूच नये. दुसरा इशारा उलट बाजूचा. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्यास मत दिले होते. परिस्थिती बदलली म्हणून पुन्हा विचारा, अशी मागणी उठली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीवाचून असे मतदान घेता येणार नाही, असा निवाडा दिला. पहिल्या कौलाच्या कायद्यातच पुढचा कौल केव्हा व कोणाच्या मागणीवरून होईल हे लिहिले असते तर न्यायालयात जाण्याची वेळ आली नसती.

विदर्भाच्या कायद्यात म्हणून प्रश्नाच्या आधी हिशेब आला पाहिजे. राज्याच्या कर्जाचा किती भार नागपूरकडे जाईल, कोराडी-चंद्रपूरची वीज कोणत्या प्रमाणात व कोणत्या दराने वाटली जाईल, वैनगंगा-वर्धेच्या पाण्याचे वाटप कसे होईल, मुंबईच्या महसुलातून मिळणारा वाटा थांबल्यावर पहिल्या दहा वर्षांची तूट कोण भरील, हे आकडे मतदानापूर्वी वर्षभर आधी छापून, मराठी, हिंदी व गोंडी भाषांत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. तेलंगणाच्या वेळी वाटणी आधी झाली आणि हिशेब मागाहून. हैदराबाद दहा वर्षे दोघांची राजधानी ठेवावी लागली आणि विजेच्या व पाण्याच्या तक्रारी त्या दहा वर्षांनंतरही संपलेल्या नाहीत. विदर्भाच्या आकड्यांत आमच्या मागवाल्यांची सवलत किती पातळ होईल तेही दिसेल, आणि ते पाहून भिवंडीत मोर्चे निघतील, निघू द्यावेत. नागपूरच्या एखाद्या हिवाळी अधिवेशनातच, विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील आमदारांना पक्षादेशातून मोकळे ठेवून, केंद्राने असा कायदा करावा ही विनंती करणारा ठराव मांडता येईल. आणि त्यात एक कलम असे घालावे, की लागलेला निकाल, तो कोणत्याही बाजूचा असो, पंधरा वर्षे पुन्हा काढता येणार नाही. ही मुदत हरणाऱ्यांना जाचक वाटेल. गोव्याने दोन पानांना मते दिल्यावर त्याला पूर्ण राज्य होण्यासाठी ३० मे १९८७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, थांबावे लागले होते.